पात्याच्या बुडाशी काय लिहिलंय : घडीच्या जुन्या चाकूंबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आमच्या आबांच्या खिशातल्या चाकूवर लिहिलं तेव्हा वाटलं होतं चार लोक वाचतील आणि विसरतील, पण सातारा-सांगली पट्ट्यात घरटी एक घडीचा चाकू पडून आहे हे मला ठाऊकच नव्हतं, कुणाचा पानाच्या डब्यात अडकित्त्याशेजारी, कुणाचा मिलिटरीच्या काळ्या ट्रंकेत, एका ताईंचा तर चक्क देव्हाऱ्याच्या खणात. प्रश्न ढीगभर आलेत. जमतील तेवढे घेतो.

आधी एकच सांगतो, मग प्रत्येक उत्तरात परत परत तेच सांगायला नको (तरी सांगणारच, सवय आहे). चाकूचं वय काढताना सगळे त्याच्यावरची सगळ्यात जुनी खूण धरून बसतात. ते उलटं करा. शेत नांगरताना नाण्यांचं गाडगं सापडलं आणि त्यात शिवराई निघाली म्हणून गाडगं शिवकाळात पुरलं असं होत नाही ना, त्याच गाडग्यात व्हिक्टोरिया राणीचा एक पैसा निघाला की विषय संपला, गाडगं राणीच्या वेळी नाहीतर तिच्यानंतरच पुरलंय. चाकूचंही तसंच. त्याच्यावरची सगळ्यात उशिरा जन्माला आलेली गोष्ट शोधायची, चाकू तिच्या आधीचा असूच शकत नाही.

आणि टँग हा शब्द सारखा येईल म्हणून, पातं जिथं मुठीत शिरतं तिथला बिनधारेचा चौकोनी तुकडा म्हणजे टँग. पात्याचं बूड म्हणा. सगळी कुंडली तिथंच कोरलेली असते.

सर, आमच्याकडे पणजोबांचा रॉजर्सचा चाकू आहे, दोन पात्यांचा. त्यावर चांदणी आणि क्रॉस आहे. भाऊजी म्हणतात ही खूण १६८२ ची, म्हणजे चाकू साडेतीनशे वर्षांचा. खरं का? — एक वाचक, कोरेगाव

भाऊजींनी अर्धं बरोबर सांगितलंय आणि अर्ध्या बरोबर माहितीनेच जास्त घोळ होतो. चांदणी आणि माल्टीज क्रॉस ही इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सची खूण, आणि ती १६८२ ची असं कंपनीच सांगत आली. पण ती खूण त्यांनी शेकडो वर्षं मारली, विसाव्या शतकातसुद्धा मारली, त्यामुळे तिच्यावरून वय निघत नाही, फक्त घराणं कळतं. देशमुख आडनावावरून माणसाचं वय सांगाल का?

आता टँगवर मुकुट आहे का बघा. रॉजर्सला १८२२ पासून राजघराण्याचा मान होता आणि ते मुकुटाच्या दोन बाजूंना त्या वेळच्या राजाची नाहीतर राणीची अक्षरं मारायचे. व्ही आणि आर असेल तर व्हिक्टोरिया, म्हणजे १८३७ ते १९०१. ई आणि आर असेल तर सातवा एडवर्ड, म्हणजे १९०१ ते १९१०. जी आणि आर असेल तर जॉर्ज, आणि इथं लोक फसतात कारण जॉर्ज काही एकच नव्हता, चौथा १८२० ते १८३०, पाचवा १९१० ते १९३६, सहावा १९३६ ते १९५२. मग कसं ठरवायचं? शेफील्डच्या पुढे इंग्लंड लिहिलंय का बघायचं. अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि तेव्हापासून शेफील्डवाले इंग्लंड हा शब्द सर्रास मारायला लागले, कायदा अमेरिकेचा असला तरी ठसा तोच म्हणून आपल्याकडे आलेल्या मालावरही तो दिसतो. म्हणजे जी आर अधिक इंग्लंड म्हणजे पाचवा नाहीतर सहावा जॉर्ज. आणि कुठंही स्टेनलेस हा शब्द सापडला की १९१३ च्या मागे जाताच येत नाही, कारण हॅरी ब्रिअर्लीने ते पोलाद शेफील्डमध्येच १९१३ साली केलं, आणि चाकूत ते नीट रुळलं पहिल्या महायुद्धानंतर.

एक बारीक गोष्ट राहिली. रॉजर्स नावात इंग्रजीत डी आहे. हे नाव इतकं चालायचं की मिळतीजुळती नावं लावून माल विकणारे शेफील्डमध्येही होते आणि बाहेरही. नाव जवळपास बरोबर पण चांदणी-क्रॉस नाही, असं असेल तर सावध. तुमच्या चाकूवर दोन्ही आहे, पणजोबा फसले नव्हते. मुकुटाचा फोटो पाठवा, पण पणजोबा म्हटल्यावर माझा अंदाज पाचव्या जॉर्जचा.

दादा, आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत. त्यांचा काळ्या खडबडीत मुठीचा चाकू आहे, एक पातं, एक डबा फोडायचं, आणि मागे जाड सुळा. त्यावर बाणाची खूण आहे पण ती एका गोल इंग्रजी सी अक्षराच्या आत आहे. गावात सगळे म्हणतात सुळा घोड्याच्या खुरातले खडे काढायचा. — एक वाचक, अपशिंगे मिलिटरी

हा प्रश्न वाचून मी उठून उभा राहिलो, खरंच.

आधी खुराचं निकालात काढू. तो सुळा दोरीसाठी. गाठ घट्ट बसली की ती सैल करायला आणि दोरीचे पदर एकमेकांत विणायला तो लागतो, नाविकांकडून फौजेत आला, इंग्रजीत त्याला मार्लिन स्पाइक म्हणतात. खुराची गोष्ट जगभर सांगतात, एकट्या अपशिंग्यात नाही, त्यामुळे गावाला दोष नको.

आता बाण. तीन रेघांचा कोंबडीच्या पायासारखा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालकी. नुसता बाण असेल तर ब्रिटन. बाणाखाली आय अक्षर असेल तर आपलं त्या वेळचं इंडिया सरकार. दोन डीच्या मध्ये बाण म्हणजे ऑस्ट्रेलिया. आणि सीच्या पोटात बाण म्हणजे कॅनडा! तुमच्या आजोबांच्या खिशातला चाकू कॅनडाच्या फौजेचा आहे.

तो अपशिंग्यात कसा आला हे आजोबाच सांगू शकले असते. पण नकाशा बघा. १९४३ च्या डिसेंबरात इटलीच्या पूर्व किनाऱ्याकडे मोरो नदीच्या भागात कॅनडाची पहिली डिव्हिजन आणि आपली आठवी इंडियन डिव्हिजन शेजारी-शेजारी लढत होत्या, आणि या आठव्या डिव्हिजनमध्ये मराठ्यांची पहिली बटालियन होती, तीच जिच्यातल्या नामदेव जाधवांना पुढं १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शेजारी शेजारी खंदकात पडलेल्या पोरांनी सिगरेटी, चॉकलेट, चाकू यांची अदलाबदल केली नसेल तरच नवल. आजोबांची सर्व्हिसची कागदं असतील तर बटालियन कुठली ते बघा आणि मला कळवा, फार उत्सुकता आहे.

गोळा करणाऱ्यांसाठी या चाकूची गंमत अशी की नमुना एक, बनवणारे अनेक. सरकारने नमुना ठरवून दिला आणि युद्धाच्या घाईत वेगवेगळ्या कारखान्यांनी आपापल्या परीने तो उरकला. त्यामुळे मुठीचं मटेरियल बदलतं, मुठीवरच्या चौकटी कमी-जास्त बारीक असतात, दोरी अडकवायची कडी कधी तांब्याची कधी लोखंडाची, डबा फोडायच्या पात्याचा आकार वेगळा, बुडाला स्क्रू ड्रायव्हरची चपटी जीभ असते किंवा नसते. यातलं काही बघून लगेच बनावट म्हणू नका. बनवणाऱ्याचं नाव आणि साल बहुतेक टँगवर नाहीतर मुठीच्या टोकाच्या धातूवर असतं, भिंगातून बघा. आणि ते साल चाकू बनल्याचं असतं, आजोबांना मिळाल्याचं नाही. साल १९४१ आणि आजोबा भरती झाले १९४३ ला, म्हणून चाकू त्यांचा नव्हे, असं एका वाचकाने लिहिलंय. अहो, स्टोअरला माल पडून असतो की.

नमस्कार काका. माझ्याकडे लाल स्विस चाकू दोन आहेत, एक व्हिक्टोरिनॉक्स, एक वेंगर, दोन्ही मामांनी दुबईवरून आणलेले. दोन्ही स्विस आर्मीचे कसे? आणि साल कसं ओळखायचं, टँगवर तर साल नाही. — एक वाचक, विश्रामबाग, सांगली

दोन्ही खरे असू शकतात. कार्ल एल्सनरने १८८४ साली इबाखला कारखाना काढला आणि १८९१ ला स्विस फौजेला पहिले चाकू दिले. पुढे देशाच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागातली वेंगर आली, आणि १९०८ च्या सुमाराला सरकारने भांडण नको म्हणून दोघांना निम्मं-निम्मं काम वाटून दिलं. एका पोराला ऊस दिला की दुसऱ्याला पण द्यायचा, तसं. हे चाललं जवळजवळ शंभर वर्षं, मग २००५ ला व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली आणि २०१३ पासून वेंगर नावाचे चाकू बंद. म्हणून तुमचा वेंगर जपून ठेवा, महाग आहे म्हणून नाही, आता बनत नाही म्हणून.

नाव न वाचता दोघांतला फरक असा. व्हिक्टोरिनॉक्सचा क्रॉस ढालीच्या आकारात बसवलेला असतो, वेंगरचा कोपरे गोल केलेल्या चौकोनात. आणि डबा फोडून बघा, मी सांगतो ती सगळ्यात मजेशीर खूण, व्हिक्टोरिनॉक्सने डबा फोडताना हात पुढे पुढे जातो, वेंगरने आपल्याकडे ओढत फोडावा लागतो. डोळे मिटून दुधाच्या पावडरचा डबा फोडला तरी हाताला कळतं कुठला आहे.

सालाचं म्हणाल तर लाल चाकवावर ते मिळत नाही, मग परत गाडग्यातली नाणी. नुसतं व्हिक्टोरिया असं नाव असेल तर १९०९ ते १९२१ मधला, कारण १९०९ ला एल्सनरची आई वारली आणि त्याने तिचं नाव ब्रँडला दिलं, नंतर १९२१ ला स्टेनलेस आल्यावर त्याचा फ्रेंच शब्द इनॉक्स मागे जोडला आणि व्हिक्टोरिनॉक्स झालं. तसा चाकू आपल्याकडे सापडला तर मला फोन करायच्या आधी बँकेचं लॉकर बघा. मागच्या बाजूला पाठीत वळवलेला हुक असेल, पिशवी उचलायचा, तर चाकू १९९१ च्या आधीचा नाही, हुक आलाच १९९१ ला. तुमच्या मामांच्या चाकवाला हुक आहे का बघा, दुबईची ट्रिप कधीची ते आईला विचारा, जुळतंय का बघू.

डबा फोडायचं पातं कसं आहे, बुडाला किल्लीची गोल रिंग आहे का जुन्या पद्धतीची पूर्ण कडी आहे, हे सुद्धा एकेका काळाचं असतं. पण इथं सावध राहायचं. कारखान्यात नवीन पार्ट आला म्हणून जुने पार्ट कुणी कचऱ्यात टाकत नाही, ते संपेपर्यंत वापरतात, त्यामुळे अधेमधे असे चाकू निघतात की अर्धे पार्ट जुने अर्धे नवे. गोळा करणारे त्याच्यावर जीव टाकतात. विकणारे पण टाकतात, कारण दोन मोडके चाकू जोडून एक "दुर्मिळ" चाकू तयार होतो. याच्यावर कराडच्या प्रश्नात सविस्तर बोलतो.

आणि एक गैरसमज, तुमच्यासारखा लाल चाकू फौजेने दिलेला नव्हे. लाल हा ऑफिसरचा चाकू, १८९७ ला नोंदवलेला, आणि तो सरकार देत नव्हतं, ऑफिसर स्वतःच्या पैशाने घ्यायचे. जवानाचा १९६१ च्या मॉडेलचा चाकू चंदेरी ॲल्युमिनियमच्या मुठीचा, त्याला बाटलीचं बूच काढायचा स्क्रू पण नाही (जवानाला वाईन कशाला, असा हिशेब असावा), आणि त्याच्या टँगवर सालाचे दोन आकडे कोरलेले असतात. तो सापडला तर साल शोधायला मला विचारायचीही गरज नाही.

सर, वडिलांचा द्राक्षाचं कलम करायचा जुना जर्मन चाकू आहे, रोस्टफ्राय कंपनीचा, वेस्ट जर्मनी लिहिलंय. किंमत येईल का? — एक वाचक, तासगाव तालुका

रोस्टफ्राय ही कंपनी नाही हो! जर्मन भाषेत त्याचा अर्थ गंज न लागणारं, म्हणजे आपलं स्टेनलेस. हा घोळ इतका कॉमन आहे की जुन्या बाजारात मला एकाने "रोस्टफ्रायचा ओरिजिनल" म्हणून तीन वेगवेगळ्या कारखान्यांचे चाकू दाखवलेत. सोलिंगेन पण कंपनी नाही, गाव आहे, चाकूंचं गाव, आणि ते नाव दुसऱ्या गावच्या मालावर लावता येत नाही असा कायदाच जर्मनीत १९३८ ला झाला.

वेस्ट जर्मनी लिहिलंय हे उत्तम, कारण तो देश १९४९ ला झाला आणि १९९० ला जर्मनी एक झाल्यावर ते नाव संपलं. म्हणजे चाकू या एकेचाळीस वर्षांतला. नुसतं जर्मनी असतं तर आधीचाही असता आणि नंतरचाही, तेव्हा बाकीच्या खुणा शोधाव्या लागल्या असत्या.

कलमाच्या चाकवाला एकाच बाजूने उतार असतो, दुसरी बाजू सपाट, तरच डॉगरिजच्या (द्राक्षाचं कलम ज्याच्यावर बांधतात त्या वेलाच्या) खुंटात काप सरळ बसतो. बऱ्याच जुन्या चाकवांना धारवाल्याने दोन्ही बाजूंनी धार लावून टाकलेली असते. तुमच्याला सपाट बाजू सपाट आहे का बघा. असेल तर किंमत राहू दे, यंदा वापरा.

भावाने अमेरिकेतून केसचा दोन पात्यांचा चाकू आणला, पिवळी मूठ, एका पात्याच्या बुडाशी केस डबल एक्स यूएसए आणि खाली टिंबं आहेत, चार. दुसऱ्यावर टिंब एकही नाही, नुसतं केस डबल एक्स यूएसए. नंबर ३२५४. मला फसवलंय असं वाटतं. — एक वाचक, कराड

फसवलं असेलही, पण आधी टिंबं मोजू. चाकू ओळखायची इतकी सरळ पद्धत दुसऱ्या कुणी ठेवली नाही.

केस म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डची कंपनी. १९४० ते १९६४ टँगवर केस डबल एक्स एवढंच. १९६५ ते १९६९ त्याच्यात यूएसए वाढलं. १९७० ला खाली दहा टिंबं मारली आणि दरवर्षी एक पुसलं, १९७१ ला नऊ, असं करत १९७९ ला एक. म्हणजे १९८० मधून टिंबं वजा करा, साल तयार. तुमचं चार टिंबांचं पातं १९७६ चं. १९८० पासून परत दहापासून सुरुवात केली, पण तेव्हा नावातल्या एस अक्षराला वीज चमकल्यासारखे कोपरे काढले, त्यावरून ते दशक वेगळं ओळखू येतं.

नंबरात पण अर्थ आहे. पहिला आकडा मूठ कशाची, ३ म्हणजे पिवळी कंपोझिशन, ६ म्हणजे हाड. दुसरा आकडा पाती किती. उरलेले दोन म्हणजे नमुना, ५४ हा ट्रॅपर. ३२५४ म्हणजे पिवळ्या मुठीचा दोन पात्यांचा ट्रॅपर, तुमच्या वर्णनाशी जुळतं. पहिला आकडा ६ आणि मूठ पिवळी असं असतं तर मी लगेच म्हणलो असतो की मूठ बदललीय.

आता खरा प्रश्न. एक पातं १९७६ चं, दुसरं १९६५ ते ६९ मधलं. कारखान्यात ठसा बदलला त्याच वर्षी दोन ठशांची पाती एका चाकूत जाणं हे होतं, समजा एक पातं १९६९ चं आणि एक दहा टिंबांचं असतं तर मी म्हणलो असतो ठीक आहे, संक्रमणातला चाकू, जपून ठेवा. पण १९६९ चं पातं डब्यात सात वर्षं पडून राहिलं आणि १९७६ ला बसवलं, हे मनाला पटत नाही. हा माझा अंदाज, कोर्टाचा निकाल नव्हे.

मग करायचं काय, तर चाकू हातात घेऊन बघायचं. दोन्ही पात्यांचा रंग सारखा काळवंडलाय का? एका पात्याला पन्नास वर्षांचा कळकटपणा आणि दुसरं सुनेच्या भांड्यासारखं लख्ख, तर ते नंतर आलंय. नखाची खाच दोन्हीकडे एकाच पद्धतीची आहे का? पिन बघा, जिथं पाती फिरतात तिथली मुख्य पिन, कारखान्यात ती बसवून घासून इतकी एकजीव करतात की कधीकधी दिसत पण नाही, नंतर कुणी ठोकली असेल तर हातोडीचे चट्टे राहतात किंवा पिनभोवती बारीक कडा दिसते. चाकू बंद करून पाठीकडून बघा, स्प्रिंग मुठीच्या पत्र्यांशी सपाट आहे का, मग पातं उघडून परत बघा, तेव्हाही सपाट हवी, दुसऱ्या चाकवाचं पातं आणून बसवलं की बहुतेक एका वेळी ती वर नाहीतर खाली जाते. आणि कान लावा. जुळलेला चाकू उघडताना आणि मिटताना खट् असा एकच ठाम आवाज देतो, जोडलेला खुळखुळतो. आमच्या आबांच्या भाषेत, सोयरीक जुळली की नाही ते आवाजावरून कळतं.

भावाला काही बोलू नका. पात्यांवर खर्च झालाय तो झालाय, चाकू कामाचा आहे.

आमच्या आत्याकडे हस्तिदंती मुठीचा चाकू आहे, विकायचा आहे. — एक वाचक, मिरज

थांबा. आधी हस्तिदंत आहे का ते बघा, कारण जुन्या चाकूंच्या पांढऱ्या मुठी बहुतेक हाडाच्या नाहीतर सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकच्या निघतात. हाडावर बारीक काळपट टिपके आणि छोट्या रेघा असतात, ती रक्तवाहिन्यांची भोकं. हस्तिदंताला ती नसतात, पण मुठीच्या आडव्या कापाच्या टोकाला एकमेकांना छेदणाऱ्या वळणदार रेषांची जाळी दिसते. सेल्युलॉइडवर खोट्या समांतर रेघा काढलेल्या असतात, अगदी एकसारख्या, आणि बोटाने जोरात घासून गरम केलं की कापराचा वास येतो, येणारच, कापूर घालूनच ते करतात. तापलेली सुई टोचून बघा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं.

सेल्युलॉइड निघालं तर तो चाकू बाकीच्यांपासून लांब ठेवा. ते जुनं झालं की आपोआप सडतं आणि त्यातून आम्लाच्या वाफा निघतात, शेजारच्या चाकूंचीही पाती गंजतात. एकाच पात्याला मुठीलगत गंज चढत असेल आणि मुठीला घाम आल्यासारखं होत असेल तर तो आजार हाच.

आणि खरं हस्तिदंत निघालं तर विकता येणार नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा, त्यात १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झालाय, मग ते भारतातलं असो की आफ्रिकेतलं. ओळखीच्या माणसाला दिलं, ऑनलाइन नाही टाकलं, असलं काही चालत नाही. वनखात्याच्या ऑफिसात जाऊन काय कागद लागतात ते विचारा. सांबराच्या शिंगाच्या मुठीलाही कायदा लागतो बरं का, आणि त्यातली गंमत बघा, शेफील्डवाले ज्या शिंगाच्या मुठींसाठी प्रसिद्ध होते ते शिंग बरंचसं आपल्याकडच्या सांबरांचं. झडलेल्या शिंगांची निर्यात आपण १९९८ ला बंद केली, तेव्हापासून तिकडचे कारागीर हळहळतायत.

काळ्या पत्र्याच्या मुठीचा पातळ चाकू, वर उडी मारणारी मांजर. कुठला? — एक वाचक, विटा

मर्केटर. सोलिंगेनचा, मांजरीबरोबर के ५५ के असं लिहिलेलं असेल. मूळ बनवणारी कंपनी काउफमान, आणि तिच्या कारखान्याचं नाव काय होतं माहितेय? इंडियावेर्क. आपल्या देशाचं नाव घेऊन सोलिंगेनमध्ये चाकू बनत होते आणि त्यातला एक विट्यात निघाला, मला हे फार आवडलं. मुठीवर नाहीतर टँगवर वेस्ट जर्मनी आहे का ते तासगावच्या उत्तराप्रमाणे बघा.

लाकडी मुठीच्या ओपिनेल चाकवाला फिरणारी कडी नाही, तुटली असेल का? — एक वाचक, वाई

तुटलेलीच असेल असं नाही. फ्रान्सच्या ओपिनेलने ती पातं अडकवणारी कडी १९५५ ला आणली. लाकडावर कडी बसवायला कापलेली जागा, घासलेली खूण काही नसेल तर चाकू १९५५ च्या आधीचा असू शकतो, मात्र अगदी लहान नंबरांना कडी नंतरही नसते, म्हणून आधी नंबर बघा. आणि कडी पातं मिटल्यावरही लॉक करत असेल तर तो २००० नंतरचा. पात्यावरचा मुकुट घातलेला हात १९०९ पासूनच्या जवळजवळ सगळ्यांवर असतो, त्याच्यावरून फारसं काही कळत नाही.

असले चाकू घरात ठेवले तर पोलिस काही म्हणतात का? — दोन-तीन वाचक

शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं हे मोजमाप आहे, घरकाम, शेती, उद्योगाची हत्यारं सोडून. खिशातले चाकू सहसा त्याच्या खूप आत बसतात. पण बटणाचे रामपुरी वगैरे असतील तर, आणि निवडणुकीच्या, मिरवणुकीच्या वेळी जिल्ह्यात वेगळे आदेश निघतात, तेव्हा जवळच्या स्टेशनला विचारून घ्या. कपाटात ठेवायला गोळा करताय ना, मग खिशात घालून जत्रेत कशाला जायचं.

सर, चाकू चिंचेने घासून चकचकीत केला, आता फोटो पाठवू का? — एक वाचक, फलटण

अरेरे. पाठवा, पण पुढचा घासू नका. मी स्वतः काय केलं होतं सांगतो, आबांचा चाकू सायकलवरच्या धारवाल्याकडे दिला, म्हटलं जरा साफ कर, त्याने चाकावर धरून पातं असं आरशासारखं केलं आणि टँगवरचा अर्धा ठसा गेला. कुठल्या वर्षाचा चाकू ते आता मला कधीच कळणार नाही, आणि दोष त्याचा नाही, त्याला मीच सांगितलं. पात्याचा काळपट-निळसर रंग हा घाण नव्हे, लोखंड आणि वापर मिळून तो चढतो, उलट तो पुढचा गंज अडवतो. लाल गंज असेल तर मशीनचं तेल लावून दोन दिवस ठेवा आणि लाकडी काडीने उकरा. पितळेच्या पत्र्याला हिरवा कळंक चढला असेल तर तोही काडीनेच. सँडपेपर, चिंच, लिंबू, भांड्याची घासणी, काही नको. आणि चामड्याच्या म्यानात घालून वर्षानुवर्षं ठेवू नका, चामडं ओल धरतं.

फोटो काढताना फ्लॅश बंद. सकाळच्या नाहीतर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात टँग असा धरा की कोरलेल्या अक्षरांत सावली पडेल. तरीही नाही दिसलं तर टँगवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, शाळेत नाण्यावर घासायचो तशी, डोळ्याला न दिसणारा मुकुटसुद्धा त्यात उमटतो. दोन्ही पात्यांचे टँग, दोन्ही बाजूंनी. पाठ, उघडी आणि मिटलेली. शेजारी पाच रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे माप कळेल. आणि कोरेगावकर, तुमच्या मुकुटाची वाट बघतोय.